सहा महिन्यांत सगळं क्लाउडवर? आधी आतला हिशेब तरी वाचा

जुना_कोबोलवाला: काल इथे एकाने लिहिलंय, ‘मेनफ्रेम म्हणजे गळ्यातली धोंड, सहा महिन्यांत सगळं क्लाउडवर हलवा.’ मेनफ्रेम म्हणजे बँकांसारख्या ठिकाणचे मोठे, जुने संगणक; क्लाउड म्हणजे दुसऱ्या कंपनीचे भाड्याने घेतलेले सर्व्हर. राहवलं नाही म्हणून लिहितोय. टीएसबी विसरलात? एप्रिल 2018, ब्रिटनमधली बँक, सुमारे 52 लाख ग्राहक एका वीकेंडला नव्या प्लॅटफॉर्मवर नेले. लोकांना स्वतःची खाती उघडेनात. 2022 मध्ये 4 कोटी 86 लाख पौंडांचा दंड बसला. आमच्याकडे व्याजाचा प्रोग्राम कोबोल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेतून जावा या नव्या भाषेत नेला. कोबोलमध्ये ROUNDED लिहिलेलं नव्हतं, म्हणजे दोन दशांशांपुढचं सरळ कापलं जायचं. नव्या पोराने डबल (दशांश तंतोतंत न धरणारा आकड्यांचा प्रकार) वापरून राउंड केलं. खात्यागणिक पैशाचा फरक, आणि तो शोधण्यात तीन रात्री गेल्या.

सांगलीकर: काका, टीएसबीचा डेटा नीट गेला होता, प्लॅटफॉर्म कोसळला. आणि तो बँकेसाठीच्या डेटा सेंटरमध्ये होता. त्यात क्लाउडचा काय दोष? आमचा ईआरपी सर्व्हर, म्हणजे कंपनीचा सगळा हिशेब-साठा चालवणारा, तळमजल्यावर होता. ऑगस्ट 2019 च्या पुरात बुडाला. बॅकअपच्या टेप कुठे? त्याच खोलीतल्या कपाटात. उघडल्यावर आतून चिखल आला. दोन महिने चलनं हाताने लिहिली.

जुना_कोबोलवाला: टेप दुसऱ्या गावात ठेवायला क्लाउड लागत नाही.

हिंजवडी_रात्रपाळी: खरा प्रश्न वेगळाच आहे. तुमच्या पिढीने एक ओळ डॉक्युमेंटेशन लिहिलं नाही. सगळं डोक्यात ठेवलं, म्हणजे नोकरी पक्की. निस्तरतो आम्ही.

जुना_कोबोलवाला: तोंड सांभाळून बोला. लिहायला वेळ कोणी दिला? बिलेबल नाही, म्हणजे क्लायंटकडून पैसे मिळत नाहीत, म्हणून टाइमशीटमधून तास कापले जायचे!

निवृत्त_ताई: नोकरी पक्की म्हणे! माझ्या 22 वर्षांच्या कामाची केटी, म्हणजे नव्या माणसाला काम समजावून देणं, चार दिवसांत उरकली. शेवटच्या दिवशी मी त्या मुलाला सांगितलं, एब्सिडिकमध्ये (मेनफ्रेमची अक्षरं साठवायची पद्धत) अक्षरं आधी, आकडे नंतर, आस्कीत (बाकी संगणकांची पद्धत) उलटं. सॉर्टवर चालणारे रिपोर्ट तपास. त्याने वहीत लिहून घेतलं. तरी गो-लाइव्हनंतर, म्हणजे नवी सिस्टीम चालू झाल्यावर, रात्री अकराला मला फोन! मॅनेजरने वही उघडूनच पाहिली नव्हती.

हिंजवडी_रात्रपाळी: ताई, असाच वही घेऊन बसलेला मुलगा मीही होतो. मीटिंगमध्ये बोललो तर ‘टाइमलाइन बघ’ म्हणाले. डोक्यात ठेवण्याचं बोललो ते सगळ्यांना लागू नाही, मान्य. काहींना आहेच.

बिल_भरणारा: बिलाचं कोणीच बोलत नाही. जसंच्या तसं उचलून क्लाउडवर टाकलं, तिथे मशीन चालू तेवढ्या वेळाचं बिल, आणि टेस्टची मशीनं शनिवार-रविवारीही चालू. पहिल्या महिन्याचं बिल बघून फायनान्सवाले माझ्या टेबलाशी.

सांगलीकर: मग बंद करायचं शिका. काका, ‘सहा महिने’ खोटं आहे, तेवढं मानतो. आधी व्याजासारखे प्रोग्राम जुने-नवे शेजारी चालवून पैसा-पैसा जुळवा, मग हलवा. पण सर्व्हर परत तळमजल्यावर मी जाऊ देणार नाही.

जुना_कोबोलवाला: शेजारी चालवा म्हणूनच तर ओरडत होतो. किती महिने चालवू देणार, ते तुमच्या मॅनेजरकडून आधी लिहून घ्या.