मदत हवी आहे : आईच्या वाड्यात कॉर्डलेस फोन लावलाय, पण परसापर्यंत रिंगच पोचत नाही

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहते. आई बाळीवेशीजवळच्या आमच्या जुन्या वाड्यात एकटी असते. वय ८१, दोन्ही कानांना मशीन. टचचा मोबाईल तिला तीनदा शिकवून झाला. फोन आला की नेमकं काय सरकवायचं हे आठवेपर्यंत रिंग संपते. लँडलाईन मात्र तिच्या अंगवळणी पडलेली आहे. पंढरपूरची मावशी रोज दुपारी चारला त्याच नंबरवर फोन करते, आणि निम्म्या नातेवाइकांच्या वहीत आमच्या घरचा तेवढा एकच नंबर आहे. त्यामुळे लँडलाईन बंद करायचा विषय आम्ही कधी काढलाच नाही.

गेल्या पावसाळ्यात तांब्याच्या तारेवर इतकी खरखर व्हायला लागली की समोरच्याचं बोलणं कळेना. शेवटी तोच नंबर फायबरवर घेतला. वायर ढेलजेतून, म्हणजे पुढच्या दारालगतच्या देवडीतून, आत येते म्हणून फायबरचा डबा तिथंच, मीटरशेजारी बसवला गेला. नवी पेठेतून दोन हँडसेटचा कॉर्डलेस आणला आणि त्याचा बेस डब्याला लागूनच ठेवला, कारण सोबत आलेली वायर हातभरच होती.

आता अडचणी. सोप्यात फोन छान वाजतो, माजघरात आवाज तुटतो, स्वयंपाकघरात आणि परसात तर हँडसेटवर रेंजच दिसत नाही. खोक्यावर घरात ५० मीटर, मोकळ्यावर ३०० मीटर लिहिलंय. आमचा वाडा ढेलजेपासून परसापर्यंत धरला तरी वीस-बावीस मीटरच्या वर नाही. दुसरा हँडसेट पहिल्या दिवसापासून 'बेस शोधत आहे' एवढंच दाखवतो. माझा आणि भावाचा मोबाईल नंबर त्यात नावाने सेव्ह केलाय, पण नाव निवडून कॉल केला की नुसती रेकॉर्ड वाजते. आणि आईने हँडसेट कानाला लावला की मशीन शिट्टी मारतं.

हे सगळं सावकाश सुधारता आलं असतं. पण परवा रात्री साडेनऊला लाईट गेली आणि आई न्हाणीच्या पायरीवर घसरली. मोडलं-बिडलं काही नाही, देवाची कृपा. कशीबशी खाटेपर्यंत आली आणि हँडसेट उचलला, तर त्यात आवाजच नाही. सकाळी मला म्हणाली, "दाबून दाबून बघितलं की गं, फोन मेलाच होता. मग पडून राहिले उजाडेपर्यंत." तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. जुना फोन लाईट गेली तरी चालायचा, हे मला पक्कं आठवतंय. मग नव्याचं असं का होतं?

अजून एक. भावाने अमेरिकेहून आणलेला एक चांगला कॉर्डलेस कपाटात तसाच पडून आहे, मोठ्या बटणांचा, आवाजही दणदणीत. तो लावला तर चालेल का?

*

तारवाले काका

ताई, आधी आईंना जपा. फोनचं करू आपण.

मी टेलिफोन खात्यात मेकॅनिक होतो, नोकरी सगळी लोकांच्या घरी फोन लावण्यात गेली. तुमची आठवण बरोबर आहे. तांब्याच्या जोडीवरून एक्स्चेंज ४८ व्होल्टची वीज पाठवायचं, आणि एक्स्चेंजमध्ये मोठ्या बॅटऱ्या असायच्या. साधा वायरचा फोन त्याच विजेवर चालायचा, घरातल्या लाईटशी त्याचा संबंधच नव्हता. फायबर म्हणजे काच, त्यातून उजेड जातो, फोन चालेल अशी वीज जात नाही. त्यामुळे आता तुमच्याकडे विजेवर चालणाऱ्या दोन वस्तू आहेत : ढेलजेतला डबा आणि कॉर्डलेसचा बेस. दोन्हींतली एक बंद पडली तरी फोन गेला. हँडसेटमधले सेल भरलेले असून उपयोग नाही, तो बेसशीच बोलत असतो. तुम्ही जुना वायरचा फोन डब्याला लावलात तरी डब्याची वीज गेली की तोही मुका.

आता रेंज. खोक्यावरचे ५० मीटर आजकालच्या विटांच्या नि प्लायवूडच्या भिंतींसाठी. आपल्या जुन्या वाड्यांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन फूट जाड, त्यात तुमचा बेस मीटरच्या लोखंडी पेटीशेजारी, वाड्याच्या एका टोकाला. अशा तीन भिंती ओलांडायच्या म्हटल्यावर रेंज राहणार कुठून? तुम्हाला डबा हलवायची गरज नाही, बेस हलवा. डब्यापासून बेसपर्यंत साधी दोन तारांची टेलिफोन वायर लागते, ती वीस मीटर नेली तरी काही बिघडत नाही. माजघरात, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, कोनाड्याच्या आत नव्हे तर बाहेर, भिंतीवर. टीव्ही आणि लोखंडी कपाटापासून मीटरभर लांब. म्हणजे पुढे एक भिंत, मागे एक भिंत.

जुना फोन कुठे होता? माजघरात असेल तर तिथपर्यंतची वायर भिंतीत असेलच, तीच वापरता येईल. पण त्याआधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी घरातल्या वायरपासून पूर्ण सोडवून घ्या. दोन्ही एकत्र राहिल्या तर डब्याचा फोनचा भाग खराब होऊ शकतो. आणि उघड्या तारा बोटात धरू नका, रिंग आली की लाईनवर चांगला झटका बसेल इतका व्होल्टेज असतो.

डब्यावर फोनचा दिवा स्थिर हिरवा आहे ना, तेवढं बघून सांगा. आणि बेसची वायर फोनच्या छोट्या खाचेतच आहे ना? शेजारी इंटरनेटच्या मोठ्या खाचा असतात, फोनची पिन त्यांतही बसते. बरेच जण तिथं फसतात.

*

होटगीरोडकर

सेव्ह केलेल्या नंबरांचं कारण अगदी साधं आहे ताई. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईल लावताना आधी ० लावावा लागतो, मोबाईल आपल्याच गावातला असला तरी. फोनबुकमधले सगळे मोबाईल नंबर ० लावून पुन्हा सेव्ह करा. +९१ ठेवू नका. सोलापुरातल्या सोलापुरात लँडलाईनवरून लँडलाईनला मात्र पूर्वीसारखाच फिरवायचा.

आणि आईंचं बोट चुकू नये म्हणून २ च्या बटणावर तुमचा नंबर स्पीड डायलला टाका. दाबून धरलं की लागतो. तो नंबरही ० सकट.

*

एक श्रोता

माझ्या वडिलांनाही कानामागचं मशीन आहे. बाकीच्यांनी वायरचं सांगितलंच आहे, मी कानाचं सांगतो, कारण फोन लागूनही ऐकू आला नाही तर तो नसल्यासारखाच.

शिट्टी येते याचं कारण, मशीनमधून बाहेर पडलेला आवाज हँडसेटवर आपटून परत मशीनच्याच माईकमध्ये शिरतो. कानामागच्या मशीनचा माईक कानाच्या वरच्या टोकाला, मागे असतो. आपण सवयीने हँडसेट कानाच्या भोकावर गच्च दाबतो, तिथं माईक नसतोच. हँडसेट बोटभर वर आणि थोडा मागे सरकवायचा, तिरका, न दाबता. वडिलांना मी आरशासमोर बसवून हे दाखवलं. दोन दिवस हात खाली घसरायचा, तिसऱ्या दिवसापासून जमलं. बऱ्याच मशीनमध्ये फोनसाठी वेगळा प्रोग्राम असतो, तो आहे का आणि चालू आहे का हे जिथून मशीन घेतलं तिथं विचारा. नाहीच जमलं तर स्पीकर चालू करून हँडसेट समोर टेबलावर ठेवायचा. वडील अजूनही लांबचं बोलणं असंच बोलतात.

रिंगचा आवाजही तपासा. बारीक, किणकिणती रिंग या वयात ऐकू येत नाही. सेटिंगमध्ये जाड, खर्जातली रिंग निवडा.

*

गिरणगावचा

अमेरिकेचा सेट लावू नका, कपाटातच राहू द्या. एक तर त्याचा अडॅप्टर बहुतेक १२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० वर लावला की जळतो. आणि अडॅप्टर बदलूनही भागत नाही. आपल्याकडे कॉर्डलेससाठी १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ मोकळे ठेवलेत, तिकडचे सेट १९२० ते १९३० वर चालतात. आपल्या इथं मोबाईल त्या पट्ट्यातून टॉवरशी बोलतात. तुमच्या घरातल्या फोनने गल्लीतल्या लोकांची मोबाईलची रेंज बिघडेल, आणि तो वापरायला परवानगीही नाही.

दुसरा हँडसेट 'बेस शोधत' बसलाय म्हणजे त्याची बेसशी ओळख करून दिलेली नाही. बेसवर हँडसेट शोधायचं बटण असतं. ते पाच-सहा सेकंद, दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा. मग लगेच हँडसेटच्या मेनूत जाऊन रजिस्टर निवडा. पिन मागितला तर बहुतेक सेटना ०००० चालतो. बेस साधारण मिनिटभरच वाट बघतो, म्हणून हँडसेट आधीच मेनूत नेऊन ठेवा. आणि मेनूत इको मोड चालू असेल तर बंद करा, तो रेंज कमी करतो.

सेल कुठले घातलेत?

*

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दुपारी वाड्यावर गेले होते, तुमचं सगळं वाचून कागदावर उतरवून नेलं.

डब्यावरचा फोनचा दिवा स्थिर हिरवा आहे, पिनही बरोबर खाचेत. जुना फोन माजघरातच, देवघराच्या दाराशी होता. ओळखीच्या वायरमनने बाहेरची जोडी कापून टोकं वेगळी बांधली आणि ढेलजेतून जुन्या वायरला डबा जोडला. माजघरातल्या जुन्या खोक्याचं झाकण काढलं तर आत धुळीचा थर आणि एक वाळलेली पाल. स्क्रू गंजले होते, ते बदलून घेतले. बेस लावला, हँडसेट कानाला धरला, आणि डायल टोन इतका स्वच्छ आला की मी आईलाच बोलावलं ऐकायला.

सेलचं विचारलंत, बरं झालं. पहिल्या हँडसेटमधले सेल भाच्याने मध्येच बदलले होते आणि रिमोटचे साधे सेल घातले होते! म्हणूनच तो दिवसभर स्टँडवर ठेवला तरी गरम व्हायचा. मूळचे त्याने टाकूनही दिले.  दुसरा हँडसेट रजिस्टर झाला. एक हँडसेट आता खाटेजवळ, एक स्वयंपाकघरात.

परसात दोन रेघा रेंज येते. मी मोबाईलवरून फोन केला, आई परसात शेंगा निवडत होती, तिने तिथूनच उचलला.

राहिलं लाईटचं. माजघरात इन्व्हर्टरचा पॉइंट आहे, बेस त्यावर टाकला. पण ढेलजेत इन्व्हर्टरची लाईन नाही. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो म्हणतात, तो डब्याला चालेल का?

*

तारवाले काका

चालेल, पण डब्याच्या अडॅप्टरवर आऊटपुट काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक १२ व्होल्ट असतं, आणि पुढे अँपिअरचा आकडा असतो. यूपीएसचा व्होल्ट तंतोतंत तोच हवा, अँपिअर तेवढा किंवा जास्त. पिनचा आकारही जुळवून घ्या. तो यूपीएस कॉर्डलेसच्या बेसला मात्र लावू नका, बेसचा अडॅप्टर वेगळ्या, कमी व्होल्टचा असतो. तुमचा बेस इन्व्हर्टरवर आहे, तेच बरोबर.

सेल आणाल ते चार्ज होणारे, निकेल मेटल हायड्राईडचे, त्याच आकाराचे आणि दोन्ही एकदम नवे. आतलं + आणि - बघून घाला. साधे सेल आजच्या आज काढा ताई, चार्जिंगला लावले की ते फुगतात, फुटतात. नवे घातल्यावर पहिल्यांदा १२ ते १६ तास स्टँडवरून उचलू नका.

मग एक दिवस आई जाग्या असताना मेन स्विच अर्धा तास बंद करून बघा. नुसती डायल टोन नको, खरोखर फोन लावून बघा. फायबरवाल्यांनाही विचारा, लाईट गेल्यावर त्यांच्या बाजूचं मशीन किती वेळ चालतं. ते बंद पडलं तर तुमच्या यूपीएसचा उपयोग नाही.

आणि उशाशी साधा बटणांचा मोबाईल ठेवा. हा सगळा खटाटोप झाला तरीही ठेवा.

*

मूळ धागाकर्ती

रविवारी केलं. यूपीएस १२ व्होल्टचाच लागला. मेन बंद केला, आईच्या हातात हँडसेट दिला आणि मी गल्लीच्या तोंडापर्यंत चालत गेले. २ चं बटण दाबून धरायला तिला सांगितलं होतं. माझा मोबाईल वाजला. पलीकडून आई म्हणाली, "ऐकू येतंय का गं? मला तर तू शेजारीच बसल्यासारखी वाटालीस." हँडसेट तिने कानाच्या वर धरला होता, शिट्टी नव्हती.

अर्ध्या तासाच्या जागी पाऊण तास मेन बंद ठेवला, तोवर दोनदा फोन लावून पाहिला, दोन्हीदा लागला. फायबरवाले म्हणाले त्यांच्याकडे बॅटरी आहे, किती तास ते उद्या विचारून सांगतो. बटणांचा मोबाईलही घेतला, तोच २ नंबर त्यातही टाकलाय, म्हणजे तिला दोन्हीकडे एकच लक्षात ठेवायचं.

न्हाणीच्या पायरीला धरायला दांडा बसवून घेते आहे. दगडी भिंतीत ड्रिल करायला वायरमन कचरतोय. बाळीवेस, मधला मारुती भागात जुन्या भिंतीत असा दांडा पक्का बसवून देणारं कोणी माहीत असेल तर मला निरोप पाठवा, नंबर इथं उघड्यावर टाकू नका.