झंगच्या राजाच्या घंटा आणि त्या एकवीस जणी

सांजपावा:
वुहानच्या हुबेई प्रांतिक संग्रहालयात प्राचीन चीनमधल्या झंग राज्याचा अधिपती यी याच्या थडग्यातल्या घंटा पाहून आले. काशाच्या 65 घंटा, काटकोनात उभ्या तीन मजली चौकटीला टांगलेल्या. यी वारला इ.स.पू. 433 च्या सुमारास. 1977 मध्ये सुइजौजवळ सैन्याच्या बांधकामासाठी टेकडी सपाट करताना थडगं लागलं, पुढच्या वर्षी उत्खनन झालं. प्रत्येक घंटेत दोन स्वर आहेत: खालच्या काठावर मधोमध ठोकलं की एक, बाजूला ठोकलं की दुसरा. आपल्या देवळातली घंटा गोल, तिचा नाद घुमत राहतो. ह्या चपट्या. नाद पटकन विरतो, म्हणून पुढचा स्वर स्वच्छ येतो आणि चाल वाजवता येते. प्रतिकृतींवरचं वादन ऐकताना अंगावर काटा आला.

मग थडग्याचा आराखडा पाहिला. यीबरोबर 21 मुली पुरल्या आहेत. आठ त्याच्या दालनात, तेरा पश्चिमेच्या. सगळ्या तेरा ते पंचविशीच्या आतबाहेर. ह्या थडग्याला नुसतं 'संगीताचं वैभव' म्हणणं आता थांबवावं, असं माझं ठाम मत झालंय.

दगडफूल:
असहमत. आजची फूटपट्टी तिथे लावू नका. त्यांच्या समजुतीप्रमाणे माणसाचा एक आत्मा, हुन, वर जातो आणि दुसरा, पो, देहापाशी राहतो. त्या पोला घर लागतं. म्हणून थडगं म्हणजे राजवाडाच: मधलं दालन समारंभाचं, उत्तरेचं शस्त्रांचं, पूर्वेचं निजायचं. दालनांमधल्या भिंतींना तळाशी चौकोनी भोकं ठेवलीत, आतल्या शवपेटीवर दारं-खिडक्या रंगवल्यात. कशासाठी? त्याला हिंडता-फिरता यावं म्हणून. त्या लोकांच्या लेखी मुली मेल्या नाहीत, धन्याबरोबर घर बदललं. प्रत्येकीला स्वतंत्र शवपेटी दिली आहे.

सांजपावा:
शवपेटी त्याच्या कुत्र्यालाही दिली आहे.

उंबरठा:
'तेव्हा सगळ्यांना मान्यच होतं' हे मुळातच खरं नाही. इ.स.पू. 621 मध्ये शेजारच्याच काळातल्या छिन राज्याचा राजा मू वारला तेव्हा 177 माणसं त्याच्यासोबत पुरली गेली. त्यांतल्या तीन भल्या माणसांसाठी लोकांनी रचलेलं 'पिवळा पक्षी' हे शोकगीत आजही वाचायला मिळतं. खड्ड्याच्या काठाशी आलेला माणूस त्यात भीतीने थरथरतो, आणि गाणारे म्हणतात, ह्याच्या बदल्यात आमच्यातले शंभर न्या. हे यीच्या आधीचं आहे! कन्फ्यूशियसही यीच्या आधी गेला. त्याच्याच परंपरेतला नंतरचा विचारवंत मेन्शियस सांगतो की पुरण्यासाठी माणसासारख्या बाहुल्या करणंसुद्धा त्याला खपत नसे. छिनने ही प्रथा बंद केली इ.स.पू. 384 मध्ये, म्हणजे यीनंतर जेमतेम पन्नास वर्षांनी. तेव्हा फूटपट्टी आजची नाही, त्यांचीच आहे.

दगडफूल:
शोकगीताचा दाखला बिनतोड आहे. पण ओतारी गुन्हेगार नव्हता ना! घंटांवर आणि चौकटीवर तीन हजारांहून जास्त अक्षरं कोरलीत. झंगमध्ये ज्या स्वराला अमुक म्हणतात त्याला छू, छी, जिन ह्या इतर राज्यांत काय म्हणतात, सगळं लिहिलंय. मधोमधची मोठी घंटा छूच्या राजाने पाठवलेली भेट, तिच्यावर तसा लेख आहे. एवढी विद्या त्या 21 जणींच्या सावलीत झाकून टाकायची का?

सांजपावा:
झाका म्हणतंय कोण? माझं म्हणणं नीट वाचा. स्वरांची नावं चार-चार राज्यांच्या बोलीत कोरून ठेवली, आणि ह्या एकवीस जणींपैकी एकीचंही नाव कोणाला ठाऊक नाही. पश्चिमेच्या तेरा जणी वादक-नर्तकी असाव्यात असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर ह्याच घंटा त्यांनी जिवंतपणी वाजवल्या असतील. संग्रहालयात घंटांसमोर गर्दी मावत नव्हती. त्या शवपेट्यांपाशी मी एकटी होते.

दगडफूल:
नावांचं पटलं. 'घर बदललं' हे वाक्य मागे घेतो, ते लिहायला नको होतं. 'वैभव' हा शब्द मात्र घंटांसाठी मी पुढेही वापरणार.