मदत हवी आहे: घरात मानसिक आजार असलेल्या भाविक कुटुंबांचा गट नाशिकमध्ये आहे का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सिडकोत राहतो. धाकट्या भावाला बायपोलर आहे (मूड कधी खूप चढतो, कधी खूप उतरतो असा मानसिक आजार), त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत, डॉक्टर चांगले आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. विचारायचंय ते त्याला सांभाळणाऱ्यांसाठी, म्हणजे मुख्यतः आईसाठी.

घर वारकरी आहे. अण्णा निवृत्तीनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकहून पायी पंढरपूरला जातात, रोज संध्याकाळी हरिपाठ असतो. भावाच्या गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्यात कुंकवाच्या करंड्याशेजारी असते, नाश्ता झाला की आई गोळी आधी देवापुढे ठेवते आणि मग त्याच्या हातावर देते. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले चालू द्या, एक दिवसही चुकत नाही ना मग उत्तमच.

पण हे सगळं मोकळेपणाने बोलायला जागाच नाही हो. भजनी मंडळात विषय निघाला की कोणी म्हणतं नारायण नागबळी करून घ्या, कोणी म्हणतं आता नामावर सोडा आणि गोळ्या बंद करा. माया असते त्यामागे, कळतं मला, पण गोळ्या बंद केल्या तर त्याचं काय होतं ते आम्ही पाहिलंय. आणि एका ठिकाणी पालकांच्या मीटिंगला गेलो तिथे आईने पांडुरंगाचं नाव काढल्यावर तिला अंधश्रद्धेवर लेक्चर ऐकावं लागलं, परत यायला ती तयार नाही.

एकादशीचंच घ्या. भावाला निर्जळ करायची असते. लिथियमवर असताना शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियमचं प्रमाण वाढतं, उलट्या, हात जास्त थरथरणं, मग ते धोक्याचंच. जागराचंही तसंच, झोप मोडली की त्याचा मेनिया, म्हणजे मूड अति चढणं, उसळतो. डॉक्टरांनी सांगितलं की आई मान हलवते पण मनात अपराधी वाटत राहतं तिला. तेच एखाद्या माळकरी बाईने, जिच्या स्वतःच्या घरी हे चालू आहे तिने, "अहो ताई, आमचा पोरगा पाणी पिऊनच एकादशी करतो आणि दहाला झोपतो, विठोबाला चालतं" असं सांगितलं ना, तर आईला खरंच पटेल. मला अशी माणसं हवी आहेत.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन घरच्यांचे गट चालवते हे माहितीये, पण आईला घेऊन सारखं पुण्याला जाणं होत नाही. गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' म्हणून उपक्रम आहे, दर्ग्याची सेवा करणारे मुजावरच लोकांना आवारातल्या मानसोपचार डॉक्टरांकडे पाठवतात, दुआ पण चालू आणि औषध पण चालू. दर्ग्यात जमतं तर आपल्या मठा-मंदिरात का जमू नये?

तर नाशिकमध्ये असं काही चालू असेल तर प्लीज सांगा, सत्संग असो, चर्चमधला प्रार्थना गट असो, कुठल्याही धर्माचं चालेल. नसेल तर मी सुरू करायला तयार आहे, चार-पाच घरं मिळाली तरी पुरे. आधी हरिपाठ आणि मग बोलणं, औषधाबद्दल कोणीही सल्ला द्यायचा नाही, एवढं डोक्यात आहे. पण ज्यांनी असे गट चालवलेत त्यांनी सांगा, इथलं बोलणं बाहेर जाणार नाही हे कसं सांभाळता? आईला माझ्या लग्नाची काळजी, चार लोकांत कळलं तर स्थळं येणार नाहीत म्हणते. आणि कोणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं तर? टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास, पण फोन लागेपर्यंत समोर बसलेल्यांनी नेमकं काय करायचं?

विधी, बाबा, खडे कृपया सुचवू नका. सिडको, इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडचं कोणी असेल तर मेसेज करा, रविवारी दुपारी मला जमतं, आणि एखाद्या मंदिराचा हॉल तासभर मिळवून देणारे विश्वस्त ओळखीचे असतील तर तेही कळवा.