मदत हवी आहे: ऑनर सोसायटीच्या मेंटर मुली मार्चनंतर गळतात

अमेरिकेतल्या मुलींच्या हायस्कूलमध्ये नॅशनल ऑनर सोसायटीच्या (अभ्यास, सेवा वगैरे पाहून निवडलेल्या विद्यार्थ्यांच्या संस्थेच्या) शाखेचं काम बघणाऱ्यांना विचारायचं आहे.

आमच्याकडे अकरावी-बारावीच्या 22 सदस्य मुली नववीच्या मुलींना अल्जिब्रा शिकवतात, दर बुधवारी लंचच्या सुट्टीत 25 मिनिटं. निवडीची अडचण नाही. किमान 3.0 जीपीए (4 पैकी सरासरी गुण), पाच शिक्षकांची समिती, सल्लागाराला मत नाही, सगळं नियमाप्रमाणे होतं. गाडी अडते ती सेवेच्या तासांवर. ते किती असावेत हे शाखेनंच ठरवायचं असतं. आमचे वर्षाला 20. फूड बँकेचं काम धरून बऱ्याच जणी ते फेब्रुवारीतच पुरे करतात, आणि क्वाड्रॅटिक समीकरणं सुरू होताना नेमकी धाकटी, म्हणजे नववीतली मुलगी, एकटी पडते. वाईट वाटतं, कारण तेव्हाच तिला सगळ्यात जास्त गरज असते.

दुसरी गोष्ट वह्यांत दिसायची: उदाहरणाच्या शेवटच्या तीन ओळी मेंटरच्या अक्षरात. वेळ कमी, म्हणून सोडवूनच द्यायचं. पेन्सिल फक्त धाकटीच्या हातात, या नियमानं ते बरंच थांबलं.

आता प्रश्न. मेंटरिंगचे तास वेगळे काढून 'मेपर्यंत 24 बैठका' अशी अट कोणी उपविधींत घातली आहे का? वर्षाच्या मध्ये घातली तर जुन्या सदस्यांवर अन्याय होईल, म्हणून सप्टेंबरपासूनच लावायचा विचार आहे. आणि एकास एक जोडीऐवजी दोन मोठ्या, तीन धाकट्या असा गट केला, तर एखादी गैरहजर असताना बैठक खरंच निभावते का?