मदत हवी आहे : तेलाचे थेंब एकमेकांना नक्की कशामुळे टाळतात?

नमस्कार मंडळी. पुण्यात एमएस्सी फिजिक्स करतोय, प्रोजेक्ट स्वतःहून पोहणाऱ्या थेंबांवर. सर्फॅक्टंटच्या (साबणासारख्या पदार्थाच्या) पाण्यातल्या दाट द्रावणात तेलाचा थेंब हळूहळू विरघळतो, पृष्ठताण सगळीकडे सारखा राहत नाही आणि त्या फरकातून पृष्ठभागावर उठलेल्या प्रवाहावर (मारँगोनी प्रवाह) स्वारी पुढे निघते. मागे तेल प्यायलेल्या मायसेलांची (सर्फॅक्टंट रेणूंच्या सूक्ष्म पुंजक्यांची) वाट उरते. दुसरा थेंब तिच्याजवळ आला की बिचकून वळतो. (लक्ष्मी रोडवरच्या दुचाक्यांना हे जमलं असतं तर!)

अडचण अशी की दोन थेंब समोरासमोर आले की वळण रसायनामुळे किती आणि पाण्याच्या ढकलण्यामुळे किती, हे वेगळं कसं काढायचं? त्यात थेंब पोहतात ती दोन काचांमधली जागा अरुंद, म्हणजे भिंतींचा परिणामही मिसळतो. ट्रेसर कण टाकून पीआयव्ही (द्रवासोबत वाहणाऱ्या बारीक कणांच्या हालचालीवरून प्रवाहाचा वेग मोजणं) केलेलं कुणी आहे का? कोथरूडला चहावर भेटायलाही तयार आहे.