सम येथील वाळूच्या टेकड्यांवर एक दिवस: जीप सफारीला सासूबाईंना आणि मुलाला न्यावे का?

सहकारनगरची_वाचक

नमस्कार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी, माझे यजमान, ९ वर्षांचा मुलगा आणि ६४ वर्षांच्या सासूबाई असे चौघे जोधपूरमार्गे जैसलमेरला जात आहोत. तिथून सुमारे ४० किलोमीटरवर सम येथे वाळूच्या टेकड्या आहेत. तिथे तंबूत एक रात्र आणि एक पूर्ण दिवस असा बेत आहे. पुण्यातील ज्या एजंटकडे आरक्षण केले, त्याने जीप सफारी, क्वाड बाईक (जाड टायरांची चारचाकी बाईक), पॅरासेलिंग (वाहनाने दोर ओढून पॅराशूटसह हवेत उचलले जाणे) आणि उंटाची सवारी हे सगळे दुपारी ३ ते सूर्यास्त एवढ्या वेळात बसवले आहे.

सासूबाईंना कंबरेचा जुना त्रास आहे, मात्र घरात सर्वाधिक उत्साह त्यांनाच आहे आणि भिशीतल्या सगळ्या मैत्रिणींना त्यांनी हा बेत सांगूनही टाकला आहे. मुलाला ताम्हिणी घाटात दर वेळी मळमळते. सासूबाईंना "तुम्ही तंबूत बसा" असे सांगणे माझ्या जिवावर येते. कोणी काय करावे आणि काय टाळावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

चिंचवडचा_चालक

ताई, जीपमध्ये कोणी बसावे हे जीप कशी आहे आणि ती कोण चालवतो यावर ठरते, म्हणून आधी त्याविषयी लिहितो. मी वाहन उद्योगात नोकरी करतो आणि स्वतःची फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी) गाडी घेऊन समच्या वाळूत दोनदा उतरलो आहे.

डांबरी रस्त्यावर अशा गाडीच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा असते. वाळूत शिरण्यापूर्वी ती १५ ते १८ पर्यंत उतरवावी लागते, कारण हवा कमी झाली की टायर लांबट पसरतो, गाडीचे वजन अधिक जागेवर वाटले जाते आणि चाक वाळू उकरत खाली जाण्याऐवजी तिच्यावरून चालते. हवा याहून फार कमी केली, तर वळणावर टायर रिममधून निसटण्याची भीती असते. तेव्हा बसण्याआधी टायरकडे नीट पाहावे. जमिनीलगत त्याचे पोट सुटलेले दिसले पाहिजे. तो टणक आणि गोल दिसला, तर चालक गाडी निव्वळ वेगाच्या जोरावर चढवणार असे समजावे, आणि पाठीला बसणारे हादरे त्या वेगातूनच येतात.

टेकडीच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. वारा ज्या बाजूने येतो, तिथला उतार सौम्य असतो आणि वाळूही दाबून बसलेली असते. पलीकडची बाजू ओतलेल्या धान्याच्या राशीसारखी भुसभुशीत आणि साधारण ३२ ते ३४ अंशांची असते, कारण कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही. जाणता चालक माथ्याजवळ वेग कमी करतो, पलीकडे काय आहे ते पाहतो आणि गाडीचे तोंड सरळ खाली ठेवून उतरतो. त्या उतारावर गाडी आडवी घातली, तर खालच्या बाजूची चाके रुतून ती कलंडू शकते.

समला बऱ्याच जीप मागून उघड्या असतात आणि प्रवासी दांडी धरून उभे राहतात. तुमच्यापैकी कोणीही तसे उभे राहू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येकाला स्वतंत्र आसन, चालू स्थितीतला सीट बेल्ट आणि डोक्यावर मजबूत पाइपांचा सांगाडा असेल, तरच बसावे.

एरंडवणे_फिजिओ

वरच्या उत्तराला वैद्यकीय बाजू जोडते. जीप माथ्यावरून खाली आदळते, तेव्हा बसलेल्या माणसाच्या मणक्यांवर उभा दाब येतो आणि पाठ व कंबर जिथे जुळतात तिथल्या मणक्यांना तो सर्वाधिक सोसावा लागतो. रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ झालेल्या स्त्रीचा मणका अशा एका आदळण्यानेही दबून मोडू शकतो. सीट बेल्टमुळे माणूस बाहेर फेकला जात नाही, पण हा दाब त्याने थांबत नाही. मागच्या चाकांच्या वरची किंवा त्यामागची जागा तर सर्वांत जास्त हादरते. सासूबाईंच्या हाडांच्या घनतेची तपासणी झाली नसेल, तर ती या निमित्ताने करून घ्यावी. मात्र तिचा निकाल चांगला आला तरी कंबरेचा जुना त्रास लक्षात घेऊन मी त्यांना जीप नकोच म्हणेन.

उंटाविषयीही लिहिते, कारण ती सवारी निर्धास्त समजली जाते. उंट उठताना आधी मागचे पाय सरळ करतो आणि बसताना आधी पुढचे गुडघे टेकतो, त्यामुळे दोन्ही वेळा स्वार एकदम पुढे झुकतो. त्या क्षणी मागे रेलून खोगीर घट्ट धरावे लागते. चालताना तो एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ एकदमच उचलतो, म्हणून अंग सतत डोलत राहते आणि दुखऱ्या कंबरेला ते लवकर जाणवते. समला उंटगाड्या मिळतात. गादी टाकलेल्या गाडीत पाय पसरून, मागे उशी घेऊन बसता येते. सासूबाईंसाठी मला ती सर्वांत योग्य वाटते.

मुलाचे जेवण आणि सफारी यांत दोन तासांचे अंतर ठेवा, पण पोट अगदी रिकामेही नको. समोरचे दिसेल अशा जागी त्याला बसवा आणि नजर दूर क्षितिजावर ठेवायला सांगा. मळमळीची गोळी बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्यावी. क्वाड बाईक त्याच्या हाती मुळीच देऊ नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना १६ वर्षांखालील मुलांनी हे वाहन चालवू नये असे सांगते. वळताना अंगाचे वजन हलवून ते सावरावे लागते आणि लहान मुलाचे वजन त्याला पुरत नाही. एकाच व्यक्तीसाठी बनवलेल्या बाईकवर त्याला वडिलांच्या मागे बसवणेही तितकेच धोक्याचे आहे.

कर्वेनगर_भटकंती

आम्ही गेल्या जानेवारीत गेलो होतो आणि आमचाही बेत असाच दुपारी कोंबलेला होता. सूर्यास्त गाठण्याच्या घाईत आमची जीप दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत रुतली. चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिला आणि पाहता पाहता चाक अ‍ॅक्सलपर्यंत गेले. गाडीत फावडे नव्हते, म्हणून आम्ही नाश्त्याच्या ताटल्यांनी वाळू उपसली. वरची वाळू अजून उबदार होती, वीतभर खालची मात्र थंडगार होती आणि जेवढी काढावी तेवढी बाजूने पुन्हा आत ओघळत होती. अंधार पडला तसा गारठा वाढला आणि स्वेटर तंबूत राहिलेले. म्हणून जीपमध्ये फावडे आणि पाणी आहे का, हे निघतानाच पाहा आणि गरम कपडे जवळच ठेवा.

पॅरासेलिंगला माझा स्पष्ट विरोध आहे. तारकर्लीला खाली पाणी असते. इथे दोर जीपला बांधून सपाट, टणक जमिनीवर ओढतात.

दिवसाचा उत्तम भाग सकाळी असतो. रात्रीच्या वाऱ्याने पाऊलखुणा पुसलेल्या असतात, वाळूवर बारीक लहरी उमटलेल्या असतात आणि त्यांच्यावरून भुंगेऱ्याच्या पायांची दुहेरी शिवण गेलेली दिसते. मुलाला फळीवर बसून घसरायचे असेल, तर तेही गर्दी नसताना करता येते.

आणखी एक आग्रह. सम हे ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरुभूमी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येते. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजमुळे आपण ज्याला ओळखतो, तो माळढोक पक्षी आज मुख्यतः तिथल्या गवताळ माळांवर तग धरून आहे. मादी साधारणपणे एकच अंडे घालते आणि तेही उघड्या जमिनीवर. कोणी चालक "गवतातून आडवाटेने नेतो" म्हणाला, तर कृपया नकार द्या.

सहकारनगरची_वाचक

सर्वांचे मनापासून आभार. एजंटला फोन करून पॅरासेलिंग आणि क्वाड बाईक काढायला लावली. बंदिस्त, सीट बेल्ट असलेली जीप मिळाली तर यजमान आणि मुलगा दुपारी लवकर जातील. न मिळाल्यास तीही रद्द. सासूबाईंना तुमची उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. उंट उठतो कसा ते त्यांनी दोनदा विचारले आणि मग उंटगाडीला होकार दिला, मात्र माथ्यापर्यंतचे शेवटचे अंतर अनवाणी चालणारच, असे बजावले आहे. सकाळी उंटगाडी किती वाजता सांगून ठेवावी?

कर्वेनगर_भटकंती

साडेसहाला तंबूशी बोलवा. डिसेंबरअखेर तिथे सूर्य सव्वासातनंतर उगवतो आणि तोवर वाळू बर्फासारखी गार असते, तेव्हा काकूंना ऊन चढेपर्यंत जाड मोजे घालू द्या.