मोटर तापते: वाऱ्याला वाट द्यावी की प्रॉप बदलावा?

फोमवाला: रिमोटवर उडणाऱ्या विद्युत मॉडेल विमानाच्या तापण्यावरचा खरा उपाय म्हणजे हवेला वाट करून देणे, असे माझे मत आहे. तीन सेलची लायपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी), १०×५ चा प्रॉप (१० इंच व्यासाचा पंखा) आणि ३० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक) असलेले माझे विमान मे महिन्यात सात मिनिटांनी उतरवले, तेव्हा मोटरला बोट लावता येत नव्हते आणि ईएससीवरचे प्लास्टिकचे वेष्टन सुरकुतले होते. नाकाशी छिद्र होतेच, पण आत शिरलेल्या हवेला बाहेर पडायला जागा नव्हती. मागे दुप्पट आकाराची खिडकी कापली आणि तक्रार मिटली. हवा तापली की फुगते, म्हणून दुप्पट.

वॉटमीटर: खिडकीबद्दल वाद नाही, कारणाबद्दल आहे. चाळीस अंशांची हवा आणखी तीस अंशांनी तापली, तरी तिचे आकारमान जेमतेम दहा टक्के वाढते. खिडकी मोठी लागते ती आतल्या अडथळ्यांतून हवा सहज निघून जावी म्हणून. मूळ दुखणे मात्र प्रॉपचे आहे. तारांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे लहान प्रॉप लावून प्रवाह २८ वरून २२ अँपिअरवर आणला, तर ती जवळपास ३८ टक्क्यांनी घटते. साधी निओडिमियम चुंबके ८० अंशांच्या पुढे कायमची दुबळी होऊ लागतात आणि दुबळ्या चुंबकांची मोटर त्याच प्रॉपला अधिक प्रवाह खेचते. मोजमाप न करता फोम कापत बसणे मला पटत नाही.

अर्धा थ्रॉटल: आपण दोघेही मोटरपाशीच अडकला आहात. ईएससी पूर्ण थ्रॉटलपेक्षा अर्धवट थ्रॉटलवर अधिक त्रासतो, कारण तिथे त्याला प्रवाह सतत तोडावा-जोडावा लागतो. शिवाय त्यातला बीईसी (सर्व्होंना, म्हणजे विमानाची सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरींना, कमी व्होल्टची वीज देणारा भाग) जुन्या, लिनिअर पद्धतीचा असेल, तर बॅटरीच्या १२.६ व्होल्टचे ५ करताना सर्व्होंनी ओढलेल्या प्रत्येक अँपिअरमागे ७.६ वॉट निव्वळ उष्णतेत जातात. माझ्या ईएससीला स्पंजच्या गादीवरून उचलून हवेच्या झोतात बांधले, एवढ्याने भागले.

फोमवाला: फुगण्याचा मुद्दा मागे घेतो. ईएससी माझ्याकडेही स्पंजवरच होता, हे आता आठवले. मात्र ९ इंची प्रॉपवर माझे जड विमान गवतातून उठतच नाही, त्यामुळे तो सल्ला मला चालणार नाही. रविवारी वॉटमीटर (प्रवाह मोजणारे उपकरण) लावून आकडे देतो. खिडकी बुजवणार नाही.